रुग्णवाहिकेवरील बारा तास

महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर मिळणारी आपत्कालीन वैद्यकीय सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक, म्हणजे कृत्रिम श्वसनयंत्रासारखी साधने असलेल्या, तर ७०४ मूलभूत जीवरक्षक सुविधांच्या होत्या. गाडीवर एक डॉक्टर आणि एक चालक असतो. चालकाला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. ही माणसे शासनाच्या आस्थापनेवर नसतात, सेवा चालवणाऱ्या ठेकेदाराकडे नोकरीला असतात, आणि त्यांची पाळी बहुधा बारा तासांची असते.

बारा तासांच्या पाळीमागचे गणित सरळ आहे. आठवड्याचे तास १६८. प्रत्येकाने ४८ तासच काम करायचे ठरवले, तर एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात, आणि बारा तासांचे सहा दिवस धरले, तर सव्वादोनहून थोड्या अधिक माणसांत भागते. गाडीमागे दोन जागा धरल्या, तर ९३७ गाड्यांवर हा फरक सुमारे २,२०० माणसांचा होतो. एवढ्या वेतनाची बचत होते खरी, पण तिची किंमत कर्मचाऱ्यांच्या झोपेतून वसूल होते, हे निविदेच्या हिशेबात कुठेही दिसत नाही.

या बाबतीत कायदा चालकाच्या मदतीला यायला हवा होता. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली आणि जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन ठरवले. मात्र त्याच्याच कलम ३८ ने आजारी वा जखमी व्यक्तींना नेणारी वाहने या तरतुदींतून वगळली. आणीबाणीत गाडी घड्याळाकडे पाहून थांबवता येत नाही, हे कारण समजण्यासारखे आहे. पण त्यासाठी जादा तासांची मुभा पुरेशी होती, संपूर्ण संरक्षण काढून घेण्याची गरज नव्हती. पुढे हा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला. तिनेही आठ तासांचे सर्वसाधारण तत्त्व कायम ठेवले आहे.

खरा पेच प्रतीक्षेच्या वेळेचा आहे. संभाव्य बोलावण्यासाठी जागेवर हजर राहण्याच्या काळाला कायद्याच्या परिभाषेत ‘केवळ उपस्थिती’ म्हणतात, आणि १९६१ च्या अधिनियमाने थांब्यावरची अशी उपस्थिती पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच कामाच्या तासांत धरली होती. एस.टी.च्या चालकाला आगारात हा हिशेब कदाचित लागू पडेल. पण रुग्णवाहिकेचा पायलट दोन कॉलांच्या मधल्या तासात ना घरी जाऊ शकतो, ना निर्धास्त झोपू शकतो. शिवाय पाळी संपण्याच्या पाच मिनिटे आधी आलेला कॉल नाकारता येत नाही. रुग्णाला दाखल करणे, गाडी धुऊन निर्जंतुक करणे, ऑक्सिजन सिलिंडर बदलणे, नोंदी भरणे हे सारे त्यानंतर येते, आणि बदली माणूस आलाच नाही तर पाळी चोवीस तासांवर जाते.

ठेकेदाराने वेतन थकवले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर, म्हणजे येथे शासनावर, येते, असा दंडक १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने घातला होता. कॉल आल्याची, गाडी निघाल्याची आणि रुग्णालयात पोहोचल्याची वेळ नियंत्रण कक्षात नोंदली जातेच. त्याच नोंदींवरून जादा तासांचे वेतन काढण्याची अट, तसेच रजेच्या बदली माणसांचा खर्च, शासनाला निविदेतच घालता येतो.