हवेच्या बंदुकीचा नेम

गांवच्या जत्रेंत फुगे फोडण्याचें दुकान पाहिलें नाहीं, असा माणूस महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले असतात, समोर कांहीं पावलांवर एक जुनी हवेची बंदूक ठेवलेली असते आणि तिच्याभोंवतीं मुलांचा घोळका जमलेला असतो. एखादा धट्टाकट्टा तरुण पुढें येतो, बंदूक खांद्याशीं घट्ट आवळतो, श्वास रोखतो, आणि छर्रा दोन फुग्यांच्या मधून जाऊन फळीवर आदळतो. मागाहून एखादा किरकोळ अंगाचा मुलगा येतो व त्याच बंदुकीनें ओळीनें चार फुगे फोडतो. तरुण म्हणतो, 'बंदूकच वांकडी आहे.' बंदूक वांकडी असूंहि शकेल. परंतु पुष्कळ वेळां दोष बंदुकीचा नसतो आणि डोळ्याचाहि नसतो. तो पकडीचा असतो. बळकट हातानें घट्ट धरलेल्या बंदुकीचा नेम कां चुकावा, हें समजण्यासाठीं तिच्या पोटांत काय घडतें तें पाहिलें पाहिजे.

या बंदुकींत दारू नसते. नळीच्या मागें एक पोकळ नळकांडें असतें. त्यांत एक दट्ट्या आणि दट्ट्यामागें एक जाड स्प्रिंग असते. नळी मोडून खालीं ओढली, किंवा कांहीं बंदुकींत बाजूचा वा खालचा दांडा ओढला, कीं दट्ट्या मागें सरकतो, स्प्रिंग दबते आणि दट्ट्या खटक्यांत अडकून राहतो. मग नळीच्या तोंडीं छर्रा बसवून ती मिटतात. चाप ओढतांच खटका सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला वेगानें पुढें ढकलते आणि नळकांड्यांतील हवा क्षणार्धांत दाबली जाते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, हा सर्वांच्या अनुभवाचा प्रकार आहे. तसेंच येथेंहि घडतें. एकाएकीं दाबलेली हवा अतिशय तापते, तिचा दाब आणखी वाढतो, आणि ती एका बारीक छिद्रांतून नळींत शिरून छर्‍याला पुढें हांकलते.

आतां लक्षांत घेण्याची गोष्ट ही, कीं चाप सुटला त्याच क्षणीं छर्रा हालत नाहीं. आधीं दट्ट्यानें आपली धांव जवळजवळ पुरी करावी लागते. चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत सुमारें एक शतांश सेकंद जातो. माणसाच्या पापणीला हा काळ कळणारहि नाहीं. परंतु बंदुकीच्या हिशेबानें तो फार दीर्घ आहे. कारण या अवधींत ती स्वस्थ नसते. जड दट्ट्या पुढें धांवतो तेव्हां क्रियाप्रतिक्रियेच्या नियमानें बंदूक मागें सरते. पुढें दाबलेल्या हवेची उशी दट्ट्याला थोपवते, आणि त्याबरोबर बंदूक पुढें हिसका खाते. दारूच्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेनें, मागें, येतो. हवेची बंदूक मात्र आधीं मागें आणि मग पुढें असे दोन धक्के देते. दारूच्या मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकणारी एखादी दुर्बीण या गरीब दिसणाऱ्या बंदुकीवर थोड्याच दिवसांत बिघडते, याचें कारण हेंच. तिच्या कांचा पुढच्या हिसक्यासाठीं बसविलेल्या नसतात.

थोडें गणित केलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. दट्ट्या व त्याच्याबरोबर हालणारा स्प्रिंगचा भाग मिळून वजन तीनशें ग्रॅम, उरलेल्या बंदुकीचें वजन तीन किलो आणि दट्ट्याची धांव आठ सेंटिमीटर धरली, तर मोकळी ठेवलेली बंदूक सुमारें सात मिलिमीटर मागें सरकेल. ती सरळ रेषेंत मागें गेली तर विशेष बिघडत नाहीं. परंतु तिला कोठें अडथळा झाला, खांदा कठीण लागला, मूठ आवळली गेली किंवा गाल दस्त्यावर जोरानें दाबला गेला, कीं ती तिरपी होते. एक मीटर लांबीच्या बंदुकीचें तोंड दस्त्याच्या मानानें एक दशांश मिलिमीटर ढळलें, तर दहा मीटरवर छर्रा एक मिलिमीटर सरकतो. फुगा फोडण्याला एवढ्यानें बाध येत नाहीं. पण दहा मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत दहा गुणांचें मधलें वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचें असतें!

यावरील उपाय वरवर पाहतां उलटा वाटतो. बंदुकीला दाबून धरण्याऐवजीं तिला मोकळेपणानें सरकूं द्यावें. डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवून त्यावर ती नुसती टेकवावी, उजव्या हाताची पकड सैल असावी, दस्ता खांद्याला जेमतेम लागावा. अमेरिकेंत या पद्धतीला 'तोफेची पकड' म्हणतात, कारण तोफहि आपल्या गाड्यावर मोकळेपणें मागें सरकते. दुसरा नियम असा, कीं तळवा दर वेळीं एकाच जागीं असावा. बंदूक हालणारच, ती प्रत्येक वेळीं सारखीच हालली पाहिजे, म्हणजे छर्रे एकाच ठिकाणीं पडतात आणि मग माशी व खांच फिरवून तें ठिकाण मध्यावर आणतां येतें. तिसरा नियम सर्वांत कठीण. चाप ओढल्यावर लगेच मान वर करून निशाण पाहूं नये. छर्रा अजून नळींतच असतो. तो बाहेर पडून फळीवर लागेपर्यंत दृष्टि माशीवरच ठेवावी.

या दोन धक्क्यांशीं यंत्रकारांनींहि पुष्कळ झुंज घेतली. जर्मनींतील डायना बंदुकींत दोन दट्टे विरुद्ध दिशांना धांवत आणि एकमेकांचा धक्का मारीत. फाइनवेर्कबाउच्या बंदुकींत सगळें यंत्र दस्त्यांतील रुळांवर मागें घसरे आणि नेमबाजाच्या खांद्याला कांहीं कळतच नसे. 1966 साली हवेच्या रायफलीला जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत प्रवेश मिळाला, आणि 1984 साली लॉस एंजेलिस येथें ऑलिंपिकमध्यें. त्यानंतर मात्र आधींच भरून ठेवलेल्या हवेवर चालणाऱ्या, धक्का जवळजवळ नसलेल्या बंदुकींनीं मोठ्या स्पर्धांतून स्प्रिंगला हटविलें. 2008 सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रानें सुवर्णपदक जिंकलें आणि 2022 सालीं कैरो येथें ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला, तें दहा मीटर रायफलीचेंच यश होय. परंतु तो काळ स्प्रिंगचा राहिला नव्हता. तरीहि मैदानी निशाणबाजीच्या जागतिक स्पर्धेंत, जेथें सुमारें पन्नास मीटरपर्यंतचीं धातूचीं निशाणें पाडावीं लागतात, दट्ट्याच्या बंदुकींचा वर्ग वेगळा ठेवलेला आहे. इंग्लंडमध्यें बर्मिंगहॅमच्या बाजूला सहा यार्डांवरील पत्र्याच्या लहानशा भोंकांतून छर्रा घालून मागची घंटा वाजविण्याचा खेळ शंभर वर्षांहून जुना आहे.

बंदुकीची निगाहि नेमाचाच भाग आहे. छर्रा शिशाचा, मध्यें बारीक आणि मागें पोकळ असतो; चेपलेला छर्रा सरळ जात नाहीं. एका प्रकारच्या छर्‍यावर बसविलेला नेम दुसऱ्याला लागू पडेलच असें नाहीं. धक्क्यांनीं दस्त्याचे स्क्रू सैल होतात, ते अधूनमधून पाहावे. नळकांड्यांत फाजील तेल गेलें तर तें तापलेल्या हवेंत पेटतें आणि छर्‍याचा वेग दर वेळीं निराळा होतो. छर्‍यावांचून चाप ओढूं नये; हवेची उशी नीट मिळत नाहीं व दट्ट्या पुढच्या भिंतीवर आदळतो. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे हें खेळणें नव्हे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा डोळा कायमचा घालवूं शकतो. म्हणून निशाणामागें भक्कम आडोसा हवा, आणि बंदूक भरलेली असो वा नसो, तिचें तोंड माणसाकडे वळतां कामा नये.

ज्याच्या घरीं महागडी बंदूक येणें शक्य नाहीं, अशा मुलाच्या हातीं बहुधा पहिल्यानें स्प्रिंगचीच बंदूक येते. पहिले पन्नास छर्रे इतस्ततः गेले, कीं आपल्याला नजरच नाहीं असें समजून तो ती कोपऱ्यांत ठेवून देतो. वरील कारण त्याला कोणी वेळीं सांगितलें तर एक चांगला नेमबाज वांचेल. धक्का न देणारी बंदूक नेमबाजाच्या कांहीं चुका पोटांत घालते; ही घालीत नाहीं, प्रत्येक चूक फळीवर लिहून दाखविते. जत्रेंतल्या त्या किरकोळ मुलानें गणित केलेलें नव्हतें. त्याच्या अंगांत बंदूक आवळण्याइतकें बळ नव्हतें, म्हणून त्यानें ती नुसती तळव्यावर टेकविली होती, एवढेंच.