क्लारा क्रोकोडिलो : बारा स्वरांतलं महानगर

ब्राझीलचे संगीतकार आरिगो बार्नाबे यांचा ‘क्लारा क्रोकोडिलो’ हा पहिला अल्बम १९८० साली आला. बार्नाबे मूळचे लोंद्रिनाचे, पण त्यांचं संगीत घडलं साओ पाउलोत. बड्या रेकॉर्ड कंपन्यांच्या आधाराशिवाय उभ्या राहिलेल्या तिथल्या प्रयोगशील चळवळीचा हा अल्बम पायाचा दगड ठरला.

त्याचा गाभा आहे संगीतकार शोनबर्ग यांची बारा-स्वर पद्धत. सप्तकातले शुद्ध, कोमल, तीव्र असे बाराही स्वर ठरावीक क्रमाने येतात आणि कुणा एकालाही ‘सा’चा मान मिळत नाही. त्यामुळे कानाला विसावा सापडत नाही. लयीच्या विषम, तुटक मांडणीत बार्टोक आणि स्त्राविन्स्की या संगीतकारांचा प्रभाव जाणवतो.

या काटेकोर रचनेवर बार्नाबे यांनी रॉकचा जोर, कॉमिक्समधली पात्रं आणि रेडिओवरच्या गुन्हेकथांच्या निवेदकाचा घोगरा आवाज चढवला. गायिकांचे टोकदार स्वर त्याला उत्तर देतात. क्लारा क्रोकोडिलो हा अल्बममधून उलगडणाऱ्या कथेतला राक्षस.

लष्करी राजवटीतल्या महानगराची घुसमट मांडायला हे अस्थिर स्वर अगदी योग्य होते. अवघड मानलेलं तंत्र बार्नाबे यांनी थेट शहरी माणसाच्या गोष्टीला जोडलं, हेच या अल्बमचं मोठेपण.