शेतापासून विजारीपर्यंत सेंद्रिय कापूस

पुरुषांच्या रोजच्या वापरातील सुती विजार हे तसे साधे वस्त्र. जाड सूत, तिरप्या रेघांची ट्विल किंवा ड्रिलची वीण आणि टिकाऊ शिवण, एवढ्यावर तिचे भागते. अशा विजारींवर अलीकडे ‘सेंद्रिय कापूस’ अशी चिठ्ठी दिसू लागली आहे. तिचा अर्थ कापूस पिकविणाऱ्या गावांनी समजून घेण्याजोगा आहे.

अर्धा किलो वजनाच्या विजारीसाठी, कताई, विणाई आणि बेतणीतील घट धरता, सहा-साडेसहाशे ग्रॅम रुई लागते. कापसातून रुईचा उतारा सुमारे एक तृतीयांश पडतो. म्हणजे एका विजारीत शेतकऱ्याचा पावणेदोन ते दोन किलो कापूस जातो.

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार या पिकाला रासायनिक खते व कीटकनाशके वर्ज्य आहेतच. शिवाय जनुकीय बदल केलेले बियाणेही चालत नाही. खरी अडचण येथे आहे. बीटी कापसाला देशात २००२ साली मान्यता मिळाली व पुढे बहुतांश क्षेत्र त्याच वाणांखाली गेले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांनी बिगर-बीटी सरळ वाण विकसित केले आहेत. परंतु वाण असणे आणि पेरणीच्या आठवड्यात ते तालुक्याच्या दुकानात मिळणे, या निराळ्या गोष्टी होत.

हंगामी पिकांसाठी रूपांतराचा काळ सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा असतो. या काळात उत्पन्न बहुधा घटते आणि माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. लहान कोरडवाहू शेतकरी याच टप्प्यावर माघार घेतो, आणि त्याला दोष देता येणार नाही.

कापूस जिनिंगमध्ये गेल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो. सेंद्रिय आणि साधी रुई नजरेला सारखीच दिसते. कच्च्या कापसात जनुकीय बदलाचा अंश प्रयोगशाळेत तपासता येतो. पण कापड धुऊन, विरंजन करून रंगविल्यावर ती खूण बहुतेक पुसली जाते. म्हणून ढीग वेगळा ठेवणे, यंत्र स्वच्छ करून घेणे, गाठींना क्रमांक देणे आणि प्रत्येक विक्रीची नोंद करणे, हाच पुरावा. ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’ हे कापडाचे मानक कताईपासून रंगाईपर्यंत तपासणी करते. त्यात निदान ९५ टक्के सेंद्रिय तंतू असल्यासच वस्त्राला ‘सेंद्रिय’ म्हणता येते. निदान ७० टक्के असल्यास ‘सेंद्रिय तंतूंनी बनविलेले’ एवढेच म्हणता येते. याच संस्थेने २०२० साली भारतातील सुमारे २०,००० टन कापसाच्या प्रमाणपत्रांत पद्धतशीर बनावट आढळल्याचे जाहीर केले. प्रामाणिक शेतकऱ्यांच्या मालाकडेही त्यामुळे संशयाने पाहिले गेले.

तरीही हा विषय केवळ निर्यातीचा नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली पिकांवरील फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारा खांद्यावर घेणाऱ्यास या बदलाचा लाभ विजार घालणाऱ्याच्या आधी मिळतो.

ग्रामपंचायतींना यात करण्याजोगे बरेच आहे. शेजारच्या शेतातील फवारणी बांध ओलांडून येते. म्हणून सेंद्रिय गटाची शेते शक्य तितकी लागून असावीत आणि मध्ये संरक्षक पट्टा राखावा. बिगर-बीटी बियाण्याची मागणी गावाने एकत्र करून उन्हाळ्यातच कृषी विभागाकडे नोंदवावी. वेचणीचा कापूस युरियाच्या रिकाम्या पोत्यांत भरू नये. गटाच्या नोंदवह्या लिहिण्यास शिक्षकांचे साहाय्य फार उपयोगी पडते. प्रमाणपत्राचे नूतनीकरण दरवर्षी होते आणि तपासनीस प्रथम वहीच मागतो.