टॅलंट आणि स्किल

मुलांविषयी बोलताना 'टॅलंट' आणि 'स्किल' हे इंग्रजी शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांची कुळे भिन्न आहेत. 'टॅलंट' हे प्राचीन ग्रीकांचे वजन आणि तेवढ्या चांदीचे मूल्य. बायबलमधील एका दृष्टांतात धन्याने सोपविलेला टॅलंट पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरतो. त्यावरूनच शब्दाला उपजत गुणाचा अर्थ आला. 'स्किल' हा प्राचीन नॉर्स भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ भेद जाणण्याची शक्ती, म्हणजे विवेक. तो सरावाने येतो. आपल्या 'हातोटी'त तर हातच आहे. म्हणून 'आमच्या मुलाला टॅलंट नाही' असे म्हणून त्याची चित्रकलेची वही मिटण्यापूर्वी पालकांनी क्षणभर थांबावे. देणगी देणे आपल्या हाती नसते. हाताला वळण लावणे मात्र असते.