सुट्टीतील वाचन

सुट्टी संपून शाळा उघडली की मार्चमध्ये सरळ वाचणारी मुले जोडाक्षरांपाशी अडखळू लागतात. दोष मुलांचा नाही. बेळगाव-निपाणीकडे मराठी कानावर पुष्कळ पडते. परंतु छापील मराठी बहुतेक मुलांना शाळेतच भेटते, आणि सुट्टीत ती भेट खुंटते.

उपाय सोपा आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये 42 रात्री आहेत, आपली सुट्टीही सुमारे दीड महिन्याची. रोज दिवेलागणीनंतर एक रात्र मुलाने मोठ्याने वाचावी, घरच्यांनी ऐकावी. पुस्तक घरी नसल्यास बेळगावात 1848 पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. मूल अडखळले तर रागावू नये. शब्द सांगावा व पुढे वाचू द्यावे. ऐकणारे कुणी असले म्हणजे दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन पुस्तक घेऊन येते.