चेंडू मागे, मग लांब, मग बाहेर!

शनिवारची रात्र. आमच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसे दाटीवाटीने बसलेली आणि टीव्हीवर इंग्लंडातला फुटबॉलचा सामना सुरू व्हायच्या बेतात. इंग्लंडात दुपारचे तीन वाजले की हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ होतात. भाकरी खाऊन पाहायला अगदी सोयीची वेळ. गंमत अशी की शनिवारी दुपारी तीनचे हे सामने खुद्द इंग्लंडात थेट दाखवीत नाहीत. लोकांनी घरी न बसता मैदानावर जावे, हा त्यामागचा हेतू. म्हणजे जे लंडनच्या माणसाला घरबसल्या दिसत नाही ते आमच्या आत्याला दिसते!

पंचाने शिट्टी फुंकली. किक-ऑफ मुलांच्या लाडक्या संघाचा होता. (नाव सांगत नाही, घरात उगाच भांडण नको.) तोच आत्या स्वयंपाकाच्या ओट्याकडून म्हणाल्या, "आता मागं देतील. मग तो उंच गडी लांब मारील. मग चेंडू बाहेर."

चेंडू मागे गेला. उंच बचावपटूने तो उजव्या कोपऱ्याकडे उंच भिरकावला. दोन डोकी एकदम उडाली आणि चेंडू बाजूरेषेच्या बाहेर. थ्रो-इन समोरच्यांना. सामना सुरू होऊन सात-आठ सेकंदही झाले नव्हते.

"पुन्हा तेच!" म्हणून थोरल्या भाच्याने कपाळावर हात मारून घेतला. "आत्याआजी, तुला कसं कळलं?"

"मागल्या शनिवारी तेच केलं की. त्याच्या मागल्यालाबी. मला भाकऱ्या थापता थापता कळतं, मग त्या समोरच्या अकरा जणांना कळत नसंल व्हय रे?"

आत्या सत्तरी ओलांडलेल्या. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना अजून आम्ही समजावू शकलेलो नाही. पण त्यांचा हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. जगभरचे फुटबॉलवेडे आपापल्या भाषेत हाच प्रश्न विचारीत असतात. तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाची थोडी चिकित्सा करूया.

किक-ऑफ ही फुटबॉलमधील एक आगळी घटना आहे. एरवी चेंडू इकडून तिकडे हिसकावला जातो, कोणाचे काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही. पण किक-ऑफच्या वेळी चेंडू तुमच्याच पायाशी असतो. तुमचे सर्व गडी आपापल्या जागी असतात. समोरच्यांनी चेंडूपासून ९.१५ मीटर दूर राहिलेच पाहिजे, असा नियम आहे. एवढी सवड सबंध सामन्यात क्वचितच मिळते. आणि ती मिळाल्यावर काय करायचे, तर चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा!

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. ती थोडी दुःखाची आहे. प्रत्येक संघाला एका अर्ध्याचा किक-ऑफ मिळतो. त्याशिवाय, ज्याच्यावर गोल होतो त्याला पुन्हा किक-ऑफ मिळतो. म्हणजे ४-० ने जिंकणारा संघ सबंध सामन्यात एकदाच किक-ऑफ घेतो आणि मार खाणारा संघ पाच वेळा! ज्या प्रेक्षकांचे नशीब आधीच फुटके, त्यांनाच ती रटाळ चाल पाच वेळा पाहावी लागते. चौथा गोल बसल्यावर चेंडू पुन्हा मागे, पुन्हा लांब, पुन्हा बाहेर जाताना पाहणाऱ्याच्या पोटात काय होत असेल, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

प्रशिक्षक मूर्ख आहेत असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांची बाजू ऐकली पाहिजे. किक-ऑफनंतर चेंडू मागे दिला की समोरचे आघाडीपटू धावत अंगावर येतात. आपल्याच गोलपुढे चेंडू गमावला तर फजिती. २००२ च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात दक्षिण कोरियाने किक-ऑफ घेतला, चेंडू मागे दिला, बचावपटूच्या पायातून तो निसटला आणि तुर्कस्तानच्या हाकान शुकूरने अकराव्या सेकंदाला गोल केला. विश्वचषकातला तो सर्वांत जलद गोल ठरला. त्यापेक्षा चेंडू लांब फेकलेला बरा. तो गेलाच तर आपल्या गोलपासून दूर जातो, समोरच्यांना त्यांच्या कोपऱ्यातून सुरुवात करावी लागते आणि आपले गडी तिथे जाऊन त्यांची कोंडी करू शकतात. हिशेब असा आहे.

पण हा हिशेबही दर वेळी जुळत नाही. २३ एप्रिल २०१९ रोजी वॉटफर्डने साउदम्प्टनविरुद्ध किक-ऑफ घेतला. चेंडू मागे कॅथकार्टकडे आला. त्याने नेहमीप्रमाणे लांब मारायला पाय उचलला. तोवर शेन लाँग धावत येऊन पुढ्यात ठाकला होता. चेंडू त्याच्या अंगावर आदळून पुढे पडला आणि त्याने तो गोलरक्षकाच्या डोक्यावरून आत टाकला. वेळ ७.६९ सेकंद. प्रीमियर लीगच्या इतिहासातला सर्वांत जलद गोल, तोही ज्यांनी किक-ऑफ घेतला त्यांच्यावर! लांब मारणे हा निर्धोक मार्ग आहे असे म्हणणाऱ्यांनी हे चित्रण एकदा पाहावे.

मग ही लांब मारण्याची सवय आली कोठून? तिच्या मागे एक हिशेबनीस आहे. चार्ल्स रीप हे ब्रिटिश हवाई दलातील हिशेब खात्याचे अधिकारी. १८ मार्च १९५० रोजी ते स्विंडनला ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्धचा सामना पाहायला गेले. पूर्वार्धातला खेळ पाहून वैतागले आणि उत्तरार्धात वही-पेन्सिल काढून प्रत्येक चालीची नोंद करू लागले. पुढे कित्येक वर्षे त्यांचा हा उद्योग चालला. (म्हणजे याही गोष्टीचे मूळ एका वैतागलेल्या प्रेक्षकातच आहे, हे ध्यानात घ्या.) त्यांच्या नोंदींतून निघाले की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात. मग फार पास कशाला? चेंडू झटपट पुढे पाठवा, हा निष्कर्ष.

आकड्यांपुढे माणूस चटकन नमतो. पण थांबा. त्याच नोंदी सांगतात की फुटबॉलमधल्या ९० टक्क्यांहून अधिक चाली मुळातच तीन पासांच्या आत संपतात! ज्या चाली शंभरात नव्वदहून अधिक आहेत त्यांतून गोल मात्र ऐंशीच, तर तोट्यात कोण? उरलेल्या थोड्या, लांबलेल्या चालींतूनच त्या मानाने अधिक गोल होतात. शाळेतल्या सातवीच्या मुलाला हे त्रैराशिक सुटेल. पण एकदा एखादे वाक्य मोठ्यांच्या तोंडून आले की ते तपासून पाहण्याचे कष्ट कोण घेतो? इंग्लंडातल्या कित्येक संघांनी ते शिरोधार्य मानले.

यशही मिळाले, हे नाकारता येत नाही. ग्रॅहम टेलर यांचा वॉटफर्ड १९८३ साली पहिल्या विभागात दुसरा आला. विम्बल्डनने १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप नेला. सर्वांत मजेशीर कहाणी केंब्रिज युनायटेडची. प्रशिक्षक जॉन बेक यांनी १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षे संघाला वरच्या विभागात नेले. चेंडू कोपऱ्यात मारायचा, हा त्यांचा मंत्र. पण कोपऱ्यात मारलेला चेंडू घरंगळत बाहेर जातो. त्यावर त्यांनी उपाय काय काढला? मैदानाच्या चारही कोपऱ्यांत गवत वाढू दिले! चेंडू गवतात अडकून थांबावा म्हणून. शेताच्या बांधावर वाढते तसे गवत फुटबॉलच्या मैदानात पाहून पाहुण्या संघांचे काय झाले असेल, याची कल्पना करा. १९९२ मध्ये ते सर्वोच्च विभागाच्या उंबरठ्यापर्यंत पोचले, तिथे लेस्टरने त्यांना पाच गोलांनी लोळवले आणि त्याच वर्षी बेक यांची नोकरी गेली.

आम्हांला येथे बेक यांचे थोडे कौतुकच वाटते. त्यांची चाल सर्वांना ठाऊक होती, पण त्यांनी चेंडू पडल्यानंतर काय, याचा विचार केला होता. अगदी गवतापर्यंत!

जिंकत असताना कुरकुर करणाऱ्याला मात्र फार सोसावे लागते. १९९० च्या विश्वचषकात आयर्लंडचा संघ जॅक चार्ल्टन यांच्या शिकवणीप्रमाणे असाच लांब चेंडूंचा खेळ खेळत होता. १७ जूनला पालेर्मो येथे इजिप्तशी ०-० अशी बरोबरी झाली. आयरिश दूरचित्रवाणीवर समालोचनाला बसलेले एमन डन्फी, स्वतः आयर्लंडकडून खेळलेले, इतके चिडले की त्यांनी हातातले पेन फेकून दिले. असल्या खेळाची लाज वाटते, असा त्यांचा सूर होता. लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की या माणसाला आयरिश असण्याचीच लाज वाटते! सबंध देश त्यांच्यावर उलटला. तो संघ एकही सामना निर्धारित वेळेत न जिंकता उपान्त्यपूर्व फेरीत गेला आणि लोक रस्त्यावर नाचले. त्या आनंदाला आम्ही नावे ठेवीत नाही. पण आपल्या माणसांची चूक दाखविणारा तो परका, हा न्याय आम्हांला मान्य नाही. आमच्या घरात सामन्याच्या वेळी सर्वांत मोठ्याने ओरडतो तो थोरला भाचाच. आणि संघ हरला की रात्री जेवत नाही तोही तोच.

आता नव्या काळाकडे येऊ. २०१६ पर्यंत किक-ऑफचा चेंडू पुढेच सरकवावा लागे. म्हणून मध्यवर्तुळात दोन गडी उभे राहत, एकाने पुढे टेकवायचा, दुसऱ्याने मागे द्यायचा. २०१६ पासून कोणत्याही दिशेला मारता येतो. वाटा वाढल्या. बोर्नमथने मार्च २०२३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर त्याचा लाभ घेतला. आधी आखलेली चाल, उजवीकडे ऊटाराकडे चेंडू, त्याचा आडवा पास आणि बिलिंगचा गोल, ९.११ सेकंदांत! सामना शेवटी आर्सेनलने ३-२ असा जिंकला, ही गोष्ट वेगळी. १९७४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात तर हॉलंडने किक-ऑफनंतर चेंडू आपसातच इतका फिरवला की क्रायफला पाडल्याबद्दल दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टी मिळून गोल झाला, तोवर यजमान जर्मनांचा पाय चेंडूला लागलेला नव्हता. (तेही शेवटी २-१ ने हरले. किक-ऑफने सामना जिंकता येत नाही, हे कबूल.)

आणि आता आत्यांच्या प्रश्नाला उलट बाजूने भिडणारे उदाहरण. ३१ मे २०२५, म्युनिक, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. पॅरिस सेंट जर्मेनच्या वितिन्याने किक-ऑफ घेतला आणि चेंडू सरळ इंटर मिलानच्या कोपऱ्याजवळ मैदानाबाहेर मारला. चुकून नव्हे, मुद्दाम! त्या हंगामात त्यांनी हे अनेकदा केले होते, म्हणजे इंटरलाही ते ठाऊक असणार. पण इंटरने थ्रो-इन घेण्याआधीच पॅरिसचे गडी पुढे सरकून वाटा अडवून उभे. निकाल ५-०. पाच गोल काही त्या एका लाथेमुळे झाले नाहीत. पण ती लाथ विचार करून मारलेली होती आणि प्रत्येकाला पुढचे आपले काम माहीत होते.

आमच्या मते प्रेक्षकाची खरी तक्रार चाल ठाऊक असण्याची नाही. चेंडू बाहेर गेल्यावर आपल्या संघाचे गडी कमरेवर हात ठेवून चालत परततात, ती आहे.

या साऱ्याचा आमच्या घराशी आणखी एक संबंध आहे. धाकटा भाचा शाळेच्या संघात आघाडीला खेळतो. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचा, पण पायात चपळाई. त्यांचे प्रशिक्षकही किक-ऑफला लांबच मारायला लावतात. चेंडू याच्या डोक्यावरून जातो, पुढे दोन धिप्पाड पोरे उड्या मारतात आणि हा खालून पाहत राहतो. एकदा घरी येऊन म्हणाला, "काका, मी कशाला जाऊ? माझ्याकडं चेंडू येतच नाही." खेळ सोडायची भाषा करू लागला. तेव्हा मात्र आमचा जीव खाली-वर झाला. टीव्हीवरच्या संघाचे दुःख रात्रीपुरते, हे घरातले.

आम्ही सरांना भेटलो. माणूस चांगला आहे. म्हणाले, "मैदान असं खडबडीत, जमिनीवरून पास द्यायचा कुठं?" तेही खरे होते. शेवटी एकदा आखूड किक-ऑफ करून पाहू, एवढे कबूल केले.

पुढच्या रविवारी आत्यांसह आम्ही मैदानावर गेलो. उत्तरार्धाचा किक-ऑफ आमचा होता. भाच्याने चेंडू मागे टेकवला, परत घेतला, डावीकडे दिला, पुन्हा घेतला. चौथा पास दगडाला लागून उडाला आणि समोरच्यांकडे गेला. गोल झाला नाही, पण सरांनी डोक्याला हात लावला. दहा मिनिटांनी आमच्यावर गोल बसला आणि पुन्हा किक-ऑफ आला. भाच्याने वळून सरांकडे पाहिले. सर काही बोलले नाहीत.

आत्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "आता काय करतील, सांगता येत न्हाई बघा." आणि पदर खोचून पुढे सरकून बसल्या.