पुरुषांचे दुःख आणि मराठीची शब्दसृष्टी
(पेठ वडगाव परिसराच्या बोलीच्या निमित्ताने)

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव हे बाजारपेठेचे गाव होय. जनावरांचा बाजार, भोवतालची ऊसशेती आणि पुणे-बंगळूर हमरस्त्याचे सान्निध्य ही त्याची आजची ओळख. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ते सेनापती धनाजी जाधव यांच्या समाधीमुळे परिचित असते. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही आख्यायिका महाराष्ट्रात शाळकरी मुलासही ठाऊक आहे. भयासंबंधीची मराठीतील ही बहुधा सर्वांत लोकप्रिय उक्ती. परंतु तीत भय कोणाचे आहे? शत्रूचे, आणि तेही त्याच्या घोड्यांचे. स्वतः धनाजींना कधी रात्री झोप लागली नसेल काय, हा प्रश्न त्या आख्यायिकेच्या कक्षेतच येत नाही.

हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारावा यास कारण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली; त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची, २२,७४६. दुसरीकडे, बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक विकारांनी पीडित असलेल्यांपैकी सुमारे ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. याची कारणे अनेक आहेत. तज्ज्ञांची वाण आहे, खर्च आहे, अंतर आहे. पुरुषांच्या बाबतीत मात्र ‘त्यांना बोलायचेच नसते’ असे एक उत्तर सर्रास दिले जाते आणि तेवढ्यावर विषय संपवला जातो. हे उत्तर अपुरे आहे. या भागातील पुरुष बोलतो, पुष्कळ बोलतो. तो ज्या शब्दांत बोलतो ते ऐकणाऱ्याच्या कानी दुःख म्हणून पडत नाहीत, आणि उपचारासाठी भाषेने जे शब्द त्याच्यापुढे ठेवले आहेत ते त्याला आपले वाटत नाहीत. खरी अडचण या दोन शब्दसमूहांमधील अंतराची आहे.

प्रथम त्याचे स्वतःचे शब्द पाहावेत. ‘झोप लागंना’, ‘डोस्कं जड झालंय’, ‘करमंना’, ‘काय सुधरंना झालंय’ ही कोल्हापुरी बोलीतील नित्याची वाक्ये आहेत. यांपैकी एकाही वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. झोप लागत नाही, डोके जड होते. माणूस केवळ त्या घटनेचे ठिकाण असतो. मराठीचा हा स्वभावच आहे: मला राग येतो, त्याला रडू कोसळते, तिला भीती वाटते. शालेय व्याकरणात ‘मळमळते’ आणि ‘उजाडते’ ही क्रियापदे भावकर्तृक म्हणून शेजारीशेजारी शिकवली जातात. पोटातील कालवाकालव आणि पहाट या दोन्ही गोष्टी कोणी करीत नाही, त्या होतात. ही रचना पुरुषाच्या फार सोयीची आहे, कारण तीत कबुली नाही. ‘मी खचलो’ म्हणण्यास जो माणूस मरेपर्यंत तयार होणार नाही, तो ‘झोप लागंना’ हे चावडीवर, पानाच्या टपरीवर, कोठेही म्हणेल. ऐकणारा त्यावर झोपेचा उपाय सुचवतो आणि संभाषण तेथेच थांबते.

‘टेन्शन’ हा शब्द याच गरजेतून रुजला असावा. इंग्रजीतील ताण खेड्यापाड्यांत इतक्या सहजतेने नांदू लागला याचे कारण तो परका आहे, हेच. दुःख, शोक, विषाद या शब्दांना आपल्या परंपरेत एक वजन आहे, टेन्शनला नाही. टेन्शन बाहेरून येते: कारखान्याचे बिल थकले, सोसायटीचे कर्ज आहे, पोरीचे लग्न आहे. ज्याला टेन्शन आहे तो जबाबदार गृहस्थ ठरतो. पण टेन्शनसाठी कोणी वैद्याकडे जात नाही. बिल आले की ते जाईल असे मानले जाते. बिल आल्यावरही ते गेले नाही तर त्या माणसाजवळ पुढचा शब्द नसतो. पुष्कळदा त्या जागी बाटली येते.

आता दुसरा शब्दसमूह, उपचाराचा. मराठीत वैद्याकडे जाण्यास ‘दाखवणे’ म्हणतात: ‘डॉक्टरांना दाखवलंस का?’ दाखवण्यासारखे असते ते गळू, दात, खांदा. या भागातील मल्ल आखाड्यात निखळलेला खांदा हाडवैद्यापुढे उघडा करताना लाजत नाही. त्यात कमीपणा आहे असे त्याच्या वस्तादालाही वाटत नाही. मन कोणते आणि कसे दाखवावे? रूढ प्रयोगच येथे अडतो. मग ‘समुपदेशन’ हा घडवलेला शब्द पुढे येतो. घडवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु त्या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे, आणि उपदेश तर या पुरुषाला लहानपणापासून वडील, चुलते, गुरुजी, सासरे या सर्वांकडून विनामूल्य मिळत आला आहे. त्यासाठी पैसे मोजून आणखी एका ठिकाणी का जावे, हा त्याचा प्रश्न गैर नाही. ‘नैराश्य’ या शब्दाचीही अशीच गत आहे. त्याचा उघड अर्थ आशा नसणे. ज्याचा ऊस जोमात आहे आणि मुलगा नोकरीला लागला आहे असा मनुष्य सहा महिने भुकेवाचून आणि झोपेवाचून काढीत असला तरी आपण निराश आहोत असे त्याला वाटत नाही. तथापि वैद्यकाच्या दृष्टीने त्याची स्थिती नैराश्याचीच असू शकते.

याहून जुने शब्द अधिक जड आहेत. रत्नागिरी, येरवडा, ठाणे आणि नागपूर येथे राज्याची मनोरुग्णालये आहेत. या चारही ठिकाणी कारागृहेही आहेत. हा योगायोग असेल, पण ‘येरवड्याला धाडावे लागेल’ या वाक्यातून दोन्ही दारे एकदम दिसतात. कायद्यानेही बराच काळ त्यांत फारसा भेद केला नाही. १८५८ चा कायदा वेड्यांच्या आश्रयस्थानांचा, १९१२ चा वेडेपणाचा. ‘मानसिक आरोग्य’ हे शब्द कायद्याच्या नावात १९८७ मध्ये आले, आणि रुग्णाचे हक्क मध्यवर्ती मानणारा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २९ मे २०१८ पासून लागू झाला.

कोल्हापूरकरांच्या स्मृतीत वेड या शब्दाला आणखी एक जखम आहे. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेड लागले आहे असे ठरवून त्यांना इंग्रजी अमलात देखरेखीखाली ठेवण्यात आले. त्यांच्या छळासंबंधी दिवाण बर्वे यांच्यावर केलेल्या लिखाणावरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांच्या संपादकांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. महाराज पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरील गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत मृत्यू पावले. तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांचे होते. त्यांना खरोखर कोणता आजार होता, याचा निर्णय येथे करावयाचा नाही. वेडा ठरणे म्हणजे अधिकार जाणे, बंदिस्त होणे आणि आपला शब्द कोणी खरा न मानणे, ही समजूत या भूमीत केवळ अज्ञानातून आलेली नाही, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे. विशेष हे की, त्याच तुरुंगवासात आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि ते रूपांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या शीर्षकातील ‘विकार’ म्हणजे मनात उसळणारी प्रबळ भावना, जी कोणाही माणसाची असते. आज ‘मनोविकार’ म्हटले की रोगच डोळ्यांपुढे येतो. भावना आणि व्याधी यांना जोडणारा एक शब्द आपल्याजवळ होता. शतकभरात त्याचे एक टोक तुटले.

भित्रेपणाचा आरोप हा यातील तिसरा अडसर. ‘बायकांसारखा रडतोस काय?’ हे वाक्य घराघरांत बोलले जाते. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला कंप सुटतो, तोंड कोरडे पडते, हातातून धनुष्य गळते. त्या अवस्थेला परंपरेने ‘विषादयोग’ असे भारदस्त नाव दिले. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण तिला क्लैब्य म्हणतात, म्हणजे पौरुषहीनता. आपल्याकडे मुलांना सांगितला जातो तो हा धिक्कार. परंतु त्या धिक्काराने अर्जुन उठला नाही, हे सहसा सांगितले जात नाही. तो रथात बसूनच राहिला, आणि पुढचे सर्व अध्याय संवादास द्यावे लागले.

मानसोपचारात प्रत्यक्ष काय घडते, हेही अशा वाचकास भाषेच्याच उदाहरणाने सांगणे सोपे जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने रुजवली. विवेक हा संतवाङ्मयातून घराघरांत पोचलेला शब्द असल्याने हे नाव समुपदेशनापेक्षा कितीतरी अधिक जवळचे आहे. एलिस यांचे म्हणणे थोडक्यात असे: घटना थेट दुःख देत नाही, घटना आणि भावना यांच्यामध्ये आपण मनाशी बोललेले एक वाक्य असते. ते वाक्य हट्टाचे असेल तर भावना विनाशक होते. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो. ‘कर्ज या हंगामात फिटले पाहिजे’ या वाक्यात इच्छा आहे आणि चिंताही आहे. त्या चिंतेने माणूस सकाळी कामाला लागतो. ‘कर्ज या हंगामात फिटलेच पाहिजे, नाहीतर मी तोंड दाखवायच्या लायकीचा नाही’ या वाक्याने तो अंथरुणातून उठेनासा होतो. उपचारतज्ज्ञ त्याला कर्ज विसरावयास सांगत नाही, आणि धीर धर असा उपदेशही करीत नाही. तो ‘पाहिजे’ तसेच ठेवतो आणि ‘च’ हे शब्दयोगी अव्यय कोठून आले, त्याला आधार काय, याची चिकित्सा रुग्णाकडूनच करून घेतो. ‘पुरुषाने खंबीर असलेच पाहिजे’ हे वाक्यही त्याच तपासणीस येते. काही आठवड्यांच्या भेटींत हे घडते. आजार तीव्र असल्यास जोडीला औषधे लागतात, आणि ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवितात. या कामाची तुलना करावयाची तर ती वस्तादाशी करावी. वस्ताद कुस्ती खेळत नाही. पट्ठ्याचा पाय कोठे चुकतो ते पाहतो आणि पुन्हा डाव टाकावयास लावतो.

मग घरच्यांनी, मित्रांनी, गावच्या डॉक्टराने बोलावे कसे? ‘तुला काही मानसिक त्रास आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक पुरुष ‘नाही’ असेच देतील. त्याचेच शब्द उचलावेत: झोप किती वाजता मोडते, जेवण जाते का, करमत नाही हे केव्हापासून, कामात लक्ष लागते का. ही चौकशी दोन आठवड्यांहून जुनी निघाली तर ‘हे दाखवून घेऊ, मी बरोबर येतो’ म्हणावे. ‘दाखवणे’ हे क्रियापद येथे कामी येते, कारण आता दाखवावयाची आहे ती झोप. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘सीपीआर’मध्ये, मानसोपचार विभाग आहे. तेवढा प्रवास ज्याला आज जमणार नाही त्याच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलि-मानस ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मराठीत बोलता येते.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न. ‘जीव नकोसा झालाय’ हे मराठी माणूस उन्हाळ्यालाही म्हणतो, त्यामुळे ते ऐकून सोडून देण्याची सवय सर्वांना असते. ते वाक्य झोपेच्या तक्रारीबरोबर आले तर सोडू नये, सरळ विचारावे. विचारल्याने मनात नसलेला विचार येतो ही समजूत निराधार आहे. विचारताना ‘तू जिवाचे काही बरेवाईट करणार आहेस का?’ असे म्हटले तर तो कर्ता होतो, आणि कर्ता झालेला माणूस नाकारतो. ‘मरून जावेसे वाटते का?’ या रचनेत वाटणे त्याच्याकडे आपोआप येते, झोप न येण्यासारखेच; त्यास ‘कधी कधी वाटतं’ असे उत्तर देता येते. ते उत्तर मिळाल्यावर त्या माणसास एकटे सोडू नये, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवावेत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असेच २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम गृहीत धरते. तिच्यावर खटला चालवू नये आणि शासनाने तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची व्यवस्था करावी, असे ते सांगते. पोलिसांच्या भीतीने रुग्णास घरीच ठेवणाऱ्या नातेवाइकांना ही तरतूद ठाऊक नसते.